अठरा निळे टी-शर्ट

एका गावात एक भोळा तरुण होता. तरुण म्हणजे चौतीस वर्षांचा. नगरकडच्या त्या गावातल्या चर्चचा रिवाजच तसा होता. लग्न होईपर्यंत माणूस तरुण संघात आणि लग्न झालं की थोरांत. सीलास पारखेचं लग्न काही जमत नव्हतं, म्हणून तो अजून तरुण होता.

हा तरुण संघ दरवर्षी नाताळच्या आधी तीन दिवस शहरात जायचा. ज्यांना घर नाही, जे पुलाखाली आणि फुटपाथवर राहतात, त्यांची सेवा करायला. सात वर्षं सीलास यादीत नाव घालायचा आणि सात वर्षं ते खोडलं जायचं. का, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकदा पाळकसाहेब त्याला म्हणाले होते, "सीलास, आज घंटेकडे तू बघ." तो सकाळभर घंटेखाली मान वर करून उभा राहिला आणि तिच्याकडे बघत बसला. घंटा वाजलीच नाही. लोक दुपारी आले.

आठव्या वर्षी त्याची आई मार्थाबाई स्वतः उठून प्रिस्काताईंकडे गेली. प्रिस्काताई संघाच्या चिटणीस. शाळेत शिकवायच्या. सीलासपेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण सगळा संघ त्यांना ताई म्हणायचा, म्हणून सीलासही म्हणायचा.

"ताई, या खेपेला त्याला न्या," मार्थाबाई म्हणाली. "पोराचं मन लई मोठं हाये. डोकं जरा…"

"ठाऊक आहे मार्थाबाई," ताई म्हणाल्या. पण त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी नाव घातलं.

निघायच्या दिवशी मार्थाबाईनं सीलासच्या निळ्या टी-शर्टची कॉलर सारखी केली. संघातल्या सगळ्यांना सारखे निळे टी-शर्ट होते.

"ताई सांगतील तसंच करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

"नाही चालवणार," सीलास म्हणाला.

हा शब्द त्यानं तीन दिवस पाळला. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

सीलास सोडून संघात अठरा जण होते. शहरातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मुक्काम होता. समोरच मोठा पूल, आणि पुलाखाली माणसं. शुक्रवारी उजाडता उजाडता ताईंनी प्रत्येकाच्या हातात दहा-दहा चादरी दिल्या.

"रस्त्याकडेला कुणी आडवं पडलेलं दिसलं की अंगावर चादर घाला," त्या म्हणाल्या. "उठवू नका. बोलू नका. पुढं चला."

सीलासनं नऊ जणांवर चादरी घातल्या. अगदी आईनं घालाव्यात तशा. दहावा माणूस एका टेम्पोखाली आडवा पडला होता. नुसते पाय बाहेर होते. सीलासला फार वाईट वाटलं. त्यानं चादर पायांवर घातली, कडा नीट खाली खोचल्या आणि गारठा लागू नये म्हणून वर एक गाठ मारली.

तो माणूस मेकॅनिक होता. टेम्पो दुरुस्त करत होता.

"कोण ए रं?" आतून आवाज आला.

सीलास गप्प. बोलू नका म्हणून सांगितलं होतं.

"अरं पाय कुणी बांधले माझे?"

सीलास पुढं निघून गेला. मेकॅनिकनं उठायला डोकं वर केलं आणि ते सायलेन्सरवर आपटलं. अर्ध्या तासानं तो चादर खांद्यावर टाकून हॉलवर भांडायला आला. कपाळाला टेंगूळ होतं.

ताईंनी त्याची माफी मागितली, चहा पाजला, टेंगळाला हळद लावली. मग सीलासला बाजूला घेतलं.

"सीलासदादा, असं न विचारता काही करायचं नाही. आधी विचारायचं, काय पाहिजे. मग तो म्हणेल ते द्यायचं."

"आधी विचारायचं," सीलास म्हणाला. "मग म्हणेल ते द्यायचं."

दुपारी खिचडी होती. दाराबाहेर पुलाखालची माणसं रांगेत बसली. आत संघानं पत्रावळ्या मांडल्या आणि वाढण्याआधी प्रार्थनेला सगळे उभे राहिले. प्रार्थना याकोब करणार होता. याकोब संघाचा गिटारवाला. खांद्यापर्यंत केस, तीन वर्षं राखलेले. तो गायला किंवा प्रार्थनेला उभा राहिला की डोळे मिटायचा आणि मग त्याला वेळेचं भान राहायचं नाही. सीलासला ताईंनी रांग सांभाळायला दारात ठेवलं होतं.

रांगेत पहिल्या होत्या हौसाबाई. पुलाखालच्या सगळ्यांत जुन्या.

"मावशी, काय पाहिजे?" सीलासनं विचारलं.

"खिचडी तर मिळंलच बाबा," हौसाबाई म्हणाल्या. "पायात कायतरी आसतं तर बरं झालं आसतं. सकाळचं डांबर लई गार पडतं."

सीलासनं इकडं तिकडं पाहिलं. दाराशी अठरा जोड चपला ओळीनं काढून ठेवल्या होत्या. त्यानं पहिला जोड उचलून हौसाबाईंच्या पायात घातला. तो नेमका ताईंचा होता आणि अगदी मापाचा निघाला. मग तो दुसऱ्याकडे गेला.

"बाबा, काय पाहिजे?"

दुसऱ्यानं हौसाबाईंच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चपला."

तिसराही चपला म्हणाला. चौथाही. आत प्रार्थना लांबली. बाहेर चपला संपल्या.

जेवणं उरकल्यावर संघ बाहेर आला. दाराशी सीलासच्या वहाणा तेवढ्या होत्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या. त्यांना टायरचे तळ होते.

"दिलेलं परत मागायचं नाही," ताई म्हणाल्या. मनानं चांगली बाई. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. अनवाणी सेवा करू." संघानं आमेन म्हटलं. काहींनी जरा हळू म्हटलं.

मग ताईंनी सीलासला बाजूला घेतलं.

"सीलासदादा, आधी आपल्या माणसांचं बघायचं. मग बाकीच्यांचं."

"आधी आपल्या माणसांचं," सीलास म्हणाला. "मग बाकीच्यांचं."

शनिवारी शहरातला एक न्हावी फुकट केस कापायला आला. पुलाखाली खुर्ची मांडली. ताईंनी सीलासला सोपं काम दिलं. "ज्याचे केस फार वाढलेले दिसतील त्याला हाताला धरून आणा. खुर्चीत बसवा. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळा. बाकीचं न्हावी बघेल."

सीलासनं आधी आपल्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांत जास्त केस याकोबचे होते.

"याकोबदादा, बसा," त्यानं खुर्ची पुढं केली.

याकोब सकाळपासून उभा राहून गात होता. त्याला बरं वाटलं. तो गिटार घेऊन बसला. सीलासनं गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. गारठ्यासाठी असेल, याकोबला वाटलं. त्यानं डोळे मिटले आणि गाणं धरलं. न्हाव्यानं कात्री धरली. त्याला काय, समोर बसेल ते गिऱ्हाईक.

पहिलं कडवं संपलं तेव्हा डावी बाजू साफ झाली होती. दुसऱ्या कडव्याला मानेवर गार वारा लागला आणि याकोबनं डोळे उघडले. पुढचं गाणं कुणाला ऐकू आलं नाही. न्हावी म्हणाला, उजवी बाजूही करून टाकतो, बरं दिसेल. याकोबनं उजव्या बाजूवर दोन्ही हात घट्ट दाबून धरले आणि ते काढायला तो तयार होईना. शेवटी तसाच राहिला.

या खेपेला ताईंचा आवाज चढला.

"सीलासदादा, निळा टी-शर्ट म्हणजे आपला माणूस. एवढं एकच लक्षात ठेवा. आपल्या माणसाला कात्री लावायची नाही, चादरीत बांधायचं नाही. त्याला सांभाळून घरी न्यायचं. आता आणखी एक चूक झाली, तर पुढच्या वर्षी यादीत तुमचं नाव नसेल."

सीलास पुलाच्या खांबापाशी जाऊन बसला. सात वर्षांनी नाव आलं होतं. आईनं ताईंपुढं हात जोडले होते. आता गावात जाऊन तिला काय सांगायचं, या विचारानं त्याचे डोळे भरून आले. ताईंच्या चपला फटक फटक वाजवत हौसाबाई आल्या.

"का रं रडतो?"

"पुढच्या वर्षी मला आणणार नाहीत."

"आमी हितंच आसतो बाबा," हौसाबाई म्हणाल्या. "तू तेवढं यायचं बघ."

त्यानं ठरवलं, आता चूक करायची नाही. निळा टी-शर्ट म्हणजे आपला माणूस. आपल्या माणसाला सांभाळून घरी न्यायचं. रात्री झोपेपर्यंत तो हेच घोकत होता.

रविवारी सकाळी निरोपाची उपासना झाली. ताईंना एक कल्पना सुचली. आठवण म्हणून आपले टी-शर्ट पुलाखालच्या माणसांना देऊन टाकू. सगळ्यांना ती आवडली. अठरा जणांनी टी-शर्ट काढून दिले आणि पिशवीतून हाताला लागले ते जुने स्वेटर, जुने सदरे घातले. हौसाबाई आणि आणखी सतरा जण निळे होऊन बसले. फोटो निघाला. सीलासनं मात्र आपला टी-शर्ट दिला नाही.

"मी दिला तर मी आपला कसा राहीन?" तो म्हणाला.

ताईंना वाटलं, बिचाऱ्याचा जीव आहे संघावर. त्यांना कालच्या रागावण्याचं वाईट वाटलं. त्यांनी त्याला मोठं काम दिलं.

"इथल्या पाळकसाहेबांनी चहाला बोलावलंय. आम्ही तिकडं जाऊन येतो. तोवर आपल्या पिशव्या गाडीत भरा. फोनबिन सगळं त्यातच आहे. मग आपली माणसं मोजून गाडीत बसवा. अठरा. एकही मागे राहता कामा नये. अठरा भरली की ड्रायव्हरला म्हणायचं, चल."

परतीला गाडी तीच होती, पण ड्रायव्हर नवा होता. त्यानं विचारलं, "माणसं कोणती?"

"निळी," सीलास म्हणाला.

तो पुलाखाली गेला आणि आधी हौसाबाईंना हात दिला.

"मावशी, चला. गाडी आली."

"कुठं?"

"घरी."

"कुनाच्या?"

"आपल्या."

हौसाबाईंना असं कुणी म्हणून किती वर्षं झाली होती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी आपलं गाठोडं उचललं. एक म्हातारा म्हणाला, मी नाही येत, मला इथं बरं आहे. पण अंगात टी-शर्ट होता. सीलासनं त्याला सांभाळून उचललं आणि खिडकीशी बसवलं.

तिकडं चहा झाल्यावर निरोपाची प्रार्थना करायला याकोब उभा राहिला. त्यानं डोळे मिटले. प्रार्थना लांबली. इकडं गाडी भरली.

सीलासनं दोनदा मोजलं. अठरा.

"चल," तो ड्रायव्हरला म्हणाला.

संघ पुलाखाली आला तेव्हा तिथं गाडी नव्हती. पिशव्या नव्हत्या. माणसंही नव्हती. गाडी डिझेल भरायला गेली असेल, ताई म्हणाल्या. हॉलला कुलूप होतं आणि तिथले पाळकसाहेबही उपासनेसाठी बाहेरगावी निघून गेले होते, म्हणून ते तिथंच वाट बघत बसले. तास गेला, दोन तास गेले. ऊन उतरलं, डांबर गार पडायला लागलं, तसे ते पाय पोटाशी घेऊन एकमेकांना टेकून बसले.

दिवस कलताना एक टेम्पो आला. त्यातून पिवळे टी-शर्ट घातलेली कॉलेजची पोरं-पोरी उतरली. हातात पातेली होती.

"चला, ओळीत बसा," एक पोरगी म्हणाली. "मावशी, तुम्ही पुढं या."

ताई मागं वळून बघायला लागल्या. मागं कुणी नव्हतं. मावशी त्याच होत्या.

"अगं, आम्ही तसले नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही स्वतः सेवा करायला आलोय."

"हो मावशी, बसा," पोरगी मायेनं म्हणाली. "गरम आहे तोवर खाऊन घ्या."

दुसऱ्या एकानं याकोबच्या डोक्याकडे पाहिलं, काही न बोलता त्याच्या अंगावर चादर घातली आणि पुढं गेला. याकोबला रडू आलं. भूक मात्र सगळ्यांना लागली होती. त्यांनी खिचडी खाल्ली. ताईंनी थोडी मागूनही घेतली.

तेवढ्यात इकडं गाडी गावात शिरली. सगळं गाव चर्चपुढं जमलं होतं. ताशा होता, हार होते, जेवणाच्या पंगती मांडल्या होत्या. गाडीचं दार उघडलं आणि ताईंच्या चपला घालून हौसाबाई उतरल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटूनच हार घातला, कारण ते आशीर्वाद देत होते. डोळे उघडल्यावर त्यांनी पुढचे सतरा उतरताना पाहिले. ताशेवाला वाजवायचा थांबला.

सीलास शेवटी उतरला. तो सरळ आईकडे गेला.

"आई, या खेपेला चूक झाली नाही. अठराच्या अठरा आणले."

मार्थाबाईनं अठरा जणांकडे पाहिलं. पोराकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि म्हणाली, "बसा मावशी, दमला आसाल. आधी जेवून घ्या." पंगत बसली. दाराशी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देणारी ती बाई नव्हती.

पहिलं वाढप होतं न होतं तोच पाळकसाहेबांच्या खिशातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. आवाज प्रिस्काताईंचा होता. पाळकसाहेबांनी थोडं ऐकलं आणि फोन सीलासच्या हातात दिला.

"सीलासदादा," ताई म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं? एकही माणूस मागे राहता कामा नये."

"एकही नाही राहिला, ताई. सगळे जेवायला बसलेत. तुम्ही कुठं आहात?"

"पुलाखाली."

सीलासला सगळं डोळ्यांपुढं दिसलं. अंगात निळा टी-शर्ट नाही. पायात काही नाही. डांबर गार पडलं असणार. ताईंवर अशी वेळ यावी, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. पण न विचारता काही करायचं नाही, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं.

"ताई, काय पाहिजे?"

"गाडी," ताई म्हणाल्या. "आणि चपला."

"बरं," सीलास म्हणाला. "तुम्ही तिथंच बसून राहा, ताई. कुठं जाऊ नका. पुढच्या वर्षी नाताळच्या आधी आमचा संघ येतो."