शेगडीच्या पोटातली राख

“मग त्यालाच का? अकरा वर्षं मी तुमच्या पायाशी बसलो, आणि जत्रेच्या कोंबड्या भाजायचा मान त्या शांतारामला?”

“मी दिला म्हणून कुणी सांगितलं तुला?” यमुनाक्का म्हणाली.

“सगळं गाव बोलतंय!” विलास म्हणाला.

“गावाला काय, तोंड आहे.”

चाळीस वर्षं खानावळ चालवलेली ही बाई. निम्मा तालुका तिच्याकडून कोंबडी भाजायला शिकला. यंदा हात कापायला लागले, म्हणून भैरोबाच्या जत्रेच्या कोंबड्या ती शिष्याच्या हाती सोपवणार होती. विलास आणि शांताराम, सख्खे चुलतभाऊ, मधे एकच भिंत. दोघेही तिचेच शिष्य.

विलासनं ताट पुढं सरकवलं. “चाखा.”

आक्कानं तुकडा तोंडात टाकला. थुंकली नाही, एवढंच.

“कडू.”

“कडूच! सहा महिने झाले. आणि भिंतीपलीकडून त्याच्या कोंबडीचा वास आला की… आक्का, घास गिळवत नाही मला. त्याची शेगडी जुनी, गंजकी, कुणीतरी वापरून टाकलेली. माझी पेलेट ग्रिल कोरी करकरीत! बटण दाबलं की भुशाच्या कांड्या आपोआप जाळात पडतात. तरी लोक बोटं चाटतात ती त्याच्या अंगणात. तुम्ही त्याला गुपित सांगितलंत. सांगितलंत ना?”

“तुझी शेगडी दाखव चल.”

ऐंशी वर्षांची म्हातारी चैत्राच्या उन्हातून काठी टेकत गेली.

शेगडीवर मखमली खोळ. खोळीखाली पोलाद असं, की त्यात बघून भांग पाडावा.

“रोज पुसतो,” विलास म्हणाला. “खंडेनवमीला हार घालतो हिला.”

आक्कानं झाकण उघडलं. जाळी उचलली, तिच्याखालचा पत्रा उचलला, पदर खोचला आणि हात थेट आत घातला.

हात बाहेर आला तो कोपरापर्यंत काळा. मुठीत राख.

विलास बघतच राहिला. “ही… ही कुठून आली? आधी कधीच नव्हती!”

“आधी कोण यायचं इथं?”

“कोण येणार? शांत्या यायचा. दर रविवारी. मी दुकानात गेलो की झाकण उघडून हात घालून बसायचा. माझं तंत्र चोरत होता, आक्का! दिवाळीत धरला आणि हाकलला घरातून. तेव्हापासूनच तर…”

तो थांबला.

…

आक्का राखेची मूठ तशीच धरून उभी होती.

“राख काढतोय, हे मला सांगितलं का नाही त्यानं?” विलास म्हणाला. खरं तर लाज वाटायला हवी होती. पण मेल्याच्या पोटात पुन्हा हेवाच उठला, आता भावाच्या त्या सगळ्या रविवारांचा.

“द्या मग!” तो ओरडला. “द्या त्यालाच मान! तोच मोठा ठरला ना शेवटी?”

आक्कानं राख पायाशी सोडली.

“कोंबड्या तूच भाज,” ती म्हणाली. “त्यानं माझ्याकडं तुझ्या शेगडीच्या राखेचं काम मागितलंय.”