केळफुलातली परी आणि मार्सूची काळजी

समुद्राच्या काठी, केळीच्या वाड्यांच्या हिरव्यागार सावलीत, लाल कौलांचं एक इवलंसं घर होतं. त्या घरात मार्सू राहायची, तिची आय राहायची, आणि काही दिवसांपासून एक काळजीही येऊन राहिली होती. काळजी स्वतः काही खात नसे, पण दुसऱ्यांच्या घशाखाली घास उतरू देत नसे.

झालं होतं असं. मार्सूची आय लोकांच्या वाड्यांत केळी उतरवायला जायची. एकदा जोराचा वारा सुटला, माडाची सुकी झावळी खाली आली आणि तिची टोकं आयच्या दोन्ही डोळ्यांना लागली. डॉक्टरांनी औषध घालून पांढरीशुभ्र पट्टी बांधली. मी येऊन सोडीपर्यंत पट्टीला कोणी बोटही लावायचं नाही, मध्येच सोडली तर जखम पुन्हा उघडेल, असं त्यांनी बजावलं. आयला परत दिसेल ना, असं मार्सूने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, बघू.

'बघू' हा शब्द मोठ्या माणसांना पुरतो. मार्सूला तो पुरला नाही. ती घडीघडी आयजवळ जाऊन विचारायची, काही दिसतंय का गं? आय म्हणायची, पट्टी दिसतेय, बाय.

घरात केळ्यांचा एक घड होता. तो मार्सूने पेटीत गवत घालून, वर झाकण लावून पिकत ठेवला होता. पण पिकला का, पिकला का, असं म्हणत ती इतक्यांदा झाकण उघडायची, की आतली ऊब सगळी उडून गेली आणि केळी हिरवी ती हिरवीच राहिली. या पोरीने केळ्यांचीसुद्धा झोपमोड केली, असं शेजारची रेमेडमावशी सगळ्या आळीला सांगत होती.

एका सोनेरी सकाळी डब्यात मूठभर तांदूळ उरले, तेव्हा मार्सू केळफुलाची भाजी करावी म्हणून कोयती घेऊन परसात गेली. परसातल्या एकुलत्या एका केळीला जांभळंलाल, टपोरं केळफूल लोंबत होतं. मार्सूने कोयती उचलली. तेवढ्यात निळ्या-हिरव्या पंखांचा एक पिटुकला शिंजीर पक्षी आला आणि केळफुलाला उलटा लटकून बाकदार चोचीने मध पिऊ लागला. मध पिताना त्याचा गळा मण्यासारखा चमकत होता.

मार्सूच्या पोटात कावळे ओरडत होते. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग कोयती खाली ठेवून म्हणाली, "पी बाबा, पोटभर पी. आम्ही पेज खाऊ."

केळफुलाची एक पाकळी अलगद उघडली. आतून मधासारखा उजेड सांडला आणि त्या उजेडात बोटाएवढी एक परी उभी राहिली. तिचा झगा जांभळा, पंख दवाचे, आणि केसांत केळीची पिटुकली पिवळी फुलं. शिंजीर अजिबात दचकला नाही. त्यांची ओळख जुनी असावी.

परी म्हणाली, आपली भूक बाजूला ठेवून तू पाखराला जेवू घातलंस, म्हणून एक इच्छा माग.

"माझ्या आयला दिसू दे," मार्सू म्हणाली. तिला विचार करावा लागलाच नाही.

परी पाकळीच्या कडेवर टेकली. "डोळे देणं माझ्या हातात नाही गं राणी. ते देवबापाच्या हातात. मी त्याची छोटीशी निरोपी. पण तुझी काळजी मी त्याच्याकडे पोचवीन. नियम एवढाच, की दिली म्हणजे दिली. मध्येच झाकण उघडून बघायचं नाही. आणि हात मोकळे झाले, की ते दुसऱ्या कोणाच्या तरी कामी लावायचे."

झाकण म्हटल्यावर मार्सूचे कान लाल झाले. तिने डोळे मिटले आणि येशूचं नाव घेऊन सगळी काळजी त्या जांभळ्या पाकळीत सांगून टाकली. परीने पाकळीची सुबक पुडी बांधली आणि ती उडाली. मार्सूला इतकं हलकं वाटलं, की ती पेज ढवळताना गुणगुणायला लागली.

दुपारी आय झोपेत कण्हली, आणि मार्सू धावत परसात गेली. पुडी परत मागितली. परीने ती मुकाट्याने दिली. काळजी आता आधीपेक्षा जड झाली होती. जाऊन-येऊन काळजी वजन धरते. मार्सूने ती पुन्हा परीला दिली, आणि दिवेलागणीला पुन्हा मागायला आली.

परी काही रागावली नाही. ती हसून म्हणाली, "तू एकटी नाहीस. रविवारी सगळे चर्चमध्ये काळजी देवाला देतात, आणि बाहेर येऊन चपला घालताना तीही परत घेऊन निघतात. देवबाप रागावत नाही. पण त्याला काम तरी करू दे."

मार्सूला हसू आलं. तिने रिकामे हात मागे बांधले आणि ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिने हात मोकळे ठेवलेच नाहीत. रेमेडमावशीचा खांदा दुखत होता, तर तिचं पाणी भरून दिलं. मावशीच्या नातवाला खेळवलं. मावशीने घावन आणि मासळीचं कालवण पाठवलं, आणि आळीला सांगायला तिला आता दुसरी गोष्ट मिळाली.

डॉक्टर यायच्या आदल्या दुपारी मात्र आयचाच धीर सुटला. ती उठून बसली आणि तिने मार्सूचा हात चाचपडत धरला.

"मार्सू, जराशी पट्टी वर कर. नुसती फट. उजेड दिसतो का, एवढंच कळू दे मला."

मार्सूची बोटं पट्टीच्या कडेपर्यंत गेली. तिलाही तेच हवं होतं. अंगणातल्या पिवळ्या उन्हाचा एक कवडसा पलंगावर पडला होता. फट केली की लगेच कळलं असतं.

तिने बोटं मागे घेतली. "नको आय. ती काळजी आता आपल्याकडे नाहीच आहे."

"मग कोणाकडे आहे?"

"देवबापाकडे. मी दोनदा परत मागायला गेले, पण आता नाही जाणार. तुझी राहिली असेल तर तीही देऊन टाक."

आयचे ओठ हलले, आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. दोघींनी हात जोडले. आय देवाशी काय बोलली, ते मार्सूने ऐकलं नाही. तिथेही झाकण उघडायचं नसतं. प्रार्थना झाल्यावर आयला गाढ झोप लागली.

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी हळूहळू पट्टीचे पदर सोडले. रेमेडमावशी दारात पदर चावत उभी होती. आयने पापण्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या.

"मार्सू," आय म्हणाली, "केस विंचरले नाहीस का गं?"

मार्सू रडली आणि हसली, दोन्ही एकदम. तिने आयला घट्ट मिठी मारली. डॉक्टर चष्मा पुसायला लागले. रेमेडमावशी आळीत सांगायला पळाली.

"आणि तुझ्या खांद्यावर ते जांभळं, इवलंसं काय बसलंय?" आयने डोळे बारीक करून विचारलं.

मार्सूने मान वळवली. परी तिच्या खांद्यावर उभी होती, हात रिकामे, चेहरा उजळलेला. तिने आयला वाकून नमस्कार केला. मग खिडकीतून ऊन आत आलं, झगा झळाळला, पंख चांदीचे झाले, आणि बघता बघता परी त्या उजेडात विरघळून गेली. आय बराच वेळ त्या उन्हाकडे बघत बसली.