स्टँड नसलेली सायकल

“बापू, चाकं अजून किती हलकी होतील?”

डॉक्टर चारुदत्त बर्गे याने हा प्रश्न विचारला, तेव्हा मी समोर होते. चारुदत्तला बापूंकडे प्रथम मीच नेले होते. त्या सकाळी चहा मी केला, रबराची पट्टी मी धरली आणि फोनही मीच लावला. या प्रसंगात माझा वाटा एवढाच. बाकी सर्व त्या दोघांत घडले, आणि मी ते ऐकीव लिहीत नाही.

चारुदत्त माझा सातवीतला विद्यार्थी. आता साताऱ्यात त्याचा दातांचा दवाखाना आहे. हात स्थिर, नजर बारीक. आणि या दोन्ही गुणांची त्याला स्वतःला पूर्ण कल्पना आहे.

नारायणराव निकम, म्हणजेच बापू, माझे शेजारी. ते मोजणी खात्यात होते. नोकरीच्या काळात त्यांनी जिल्हा सायकलवरून पाहिला, आणि निवृत्तीनंतरही लेकीकडे, भाचीकडे, बहिणीकडे जायचे ते सायकलनेच. अंगणातल्या कडुलिंबाखाली त्यांची हत्यारे पसरलेली असतात. फिरताना डगमगणारे चाक तारा कसून, सैल करून पुन्हा सरळ करणे, म्हणजे चाकाचा आऊट काढणे, ही त्यांची खरी विद्या. ती शिकण्यासाठी चारुदत्त दर शनिवारी येत असे. त्यांना तो गुरू म्हणे, आणि मनापासून म्हणे.

त्या शनिवारीही तो आला. एका हाताने सायकलची सीट धरून, वाकून, दुसऱ्या हाताने त्याने बापूंच्या पायांना स्पर्श केला.

“अर्धा नमस्कार पोचला,” बापू म्हणाले. “उरलेला?”

“सायकल पडेल, बापू.”

“टेकवा की भिंतीला.”

“चुना लागेल.”

“झाडाला टेकवा.”

“साल खरखरीत आहे. रंग जाईल.”

“मग ठेवा आडवी.”

चारुदत्तने त्यांच्याकडे असे पाहिले की, बापूंनी तो विषय सोडून दिला. मी चहाचा कप पुढे केला. तो त्याने डाव्या हाताने घेतला. उजवा हात सीटवरच होता.

“चाकांचं काय, बापू?” त्याने पुन्हा विचारले. “गावात माझ्याएवढी हलकी सायकल कुणाकडे नाही. दोन बोटांनी उचलून दाखवू?”

“नको. घंटी कुठं गेली?”

“काढली. वजन.”

“मडगार्ड?”

“वजन.”

“कॅरिअर?”

“बापू!” तो हसला. “बाटलीचं झाकणसुद्धा मी बदलून घेतलंय.”

“मग दोन-चार दातही काढून टाका,” बापू म्हणाले. “तुमच्याच हातचं काम आहे.”

मी हसले. चारुदत्तही हसला; पण लवकर थांबला.

“थट्टा नको, बापू. या वेळी खरंच अडचण आहे. आईची.”

बापूंनी हातातला पाना खाली ठेवला.

चारुदत्तच्या आई कौसल्याबाई रहिमतपूरला एकट्या राहतात. घर जुन्या आळीत आहे, आणि ते सोडून मुलाकडे येण्यास त्या तयार नाहीत. चारुदत्त दर रविवारी सकाळी सायकलने आईला भेटून येतो, हे साऱ्या साताऱ्याला ठाऊक आहे. त्याचे त्याला कौतुकही मिळते. मी स्वतः ते केलेले आहे.

“मागच्या रविवारी आई म्हणाली, ‘चारू, पुढच्या रविवारी येऊ नकोस,’” तो म्हणाला.

“का?”

“म्हणाली, माझे गुडघे दुखतात.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“लगेच ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारलं. गुडघ्याचे पट्टे घेतले, गोळ्या घेतल्या. मंगळवारी तिच्या हातात.” हे त्याने ताठ मानेने सांगितले. “तरी परवा फोनवर तेच. येऊ नकोस. बापू, तीस-पस्तीस वर्षं त्या बाईनं मला कधी ‘नको’ म्हटलेलं नाही. उद्या रविवार आहे. जाऊ की नको, हे मला कळेना झालंय. रात्री झोप नाही.”

हे बोलताना त्याचा आवाज सातवीतल्या मुलासारखा झाला होता. मी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले.

“आणि यात चाकं कुठं आली?” बापूंनी विचारले.

“सोपं आहे. दुपारी दवाखाना असतो, त्यामुळे मला आईकडे फार थांबता येत नाही. तिला तेच लागलं असणार. चाकं हलकी झाली की मी लवकर पोचेन. वाचलेला वेळ तिचा.”

“मागच्या वर्षी हलकी केली होती. बारीक तारा घालून मीच भरून दिली.”

“हो. चांगला फरक पडला.”

“वेळ वाचला?”

“भरपूर.”

“तो कुठं गेला?”

चारुदत्तने कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.

“परतताना… औंधच्या फाट्यापर्यंत जाऊन यायला लागलो,” तो म्हणाला. “रस्ता फार सुरेख आहे, बापू.”

“सुरेखच आहे,” बापू म्हणाले.

कडुलिंबाची दोन पाने सायकलच्या सीटवर पडली. चारुदत्तने ती फुंकरीने उडवली.

“आईंकडे सायकल कुठं ठेवता?”

“ठेवत नाही. धरून उभा राहतो. आळीत पोरं खेळतात, एखाद्यानं पाडली म्हणजे? आत न्यावी तर उंबरा उंच, आणि आईनं सगळं स्वच्छ सारवून-पुसून ठेवलेलं.”

“आणि आई?”

“दारात असते. पाणी देते. बोलतो की आम्ही.”

“किती वेळ?”

“बाटली भरून होईपर्यंत.” आणि मग थोड्या तोऱ्यात, “पण एक रविवार चुकवलेला नाही मी.”

बापूंनी मान हलवली. त्यांनी त्याला खोटे ठरवले नाही, कारण ते खोटे नव्हते.

“दिवाळीच्या आधी तुम्ही त्यांच्या घराला आतून रंग दिला होतात,” ते म्हणाले. “माणसं तुम्हीच पाठवली होती.”

“हो. उत्तम काम झालं. आई खूश होती.”

“कोणता रंग?”

“म्हणजे?”

“भिंतींना. कोणता दिला?”

“पांढरा,” चारुदत्त म्हणाला. मग म्हणाला, “पांढराच असेल.”

वर्गात ज्या मुलाला आपले उत्तर चुकल्याचे आपोआप कळते, त्याला बाईंनी काही सांगण्याची आवश्यकता नसते. चाळीस वर्षांच्या अध्यापनात हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

बापू उठले. खोलीत जाऊन त्यांनी पत्र्याच्या डब्यातून काहीतरी शोधून आणले आणि चारुदत्तच्या मोकळ्या तळहातावर ठेवले.

तो एक लोखंडी स्टँड होता. एकच पाय, वर स्प्रिंग, पकडायला दोन पट्ट्या आणि बोल्ट. जुना, पण तेल पाजून जपलेला.

चारुदत्तने तो हातात तोलून पाहिला. चेहरा उतरला.

“हे काय, बापू?”

“स्टँड.”

“ते दिसतंय. याच्यापेक्षा माझं अख्खं चाक हलकं आहे! मी हलकं करायला आलो, आणि तुम्ही…”

“हं.”

“असल्या सायकलला कुणी स्टँड लावत नाही. आमच्या ग्रुपमध्ये मला पाणक्या म्हणतील.”

“म्हणू देत.”

“फ्रेमच्या नळ्या दबतील.”

“मधे रबर घालू.”

“बापू, मी गंभीरपणे विचारतोय. मला हलकी चाकं पाहिजेत.”

“मीही गंभीरपणेच देतोय. चाकं भरून देईन. आधी हे लागेल, मग चाकं. नाहीतर दोन्ही नको.”

चारुदत्तने माझ्याकडे पाहिले. निकाल आपल्या बाजूने लागावा म्हणून विद्यार्थी मुख्याध्यापिकेकडे पाहतो, त्या नजरेने.

“बाई, तुम्ही सांगा ना यांना.”

“गुरू तू निवडलास, चारुदत्त,” मी म्हणाले. “मी केवळ घर दाखवले.”

तो बराच वेळ स्टँडकडे पाहत राहिला. मग त्याने सायकलकडे पाहिले. मग, का कोण जाणे, बापूंच्या घराच्या भिंतीकडे पाहिले.

“लावा,” तो म्हणाला.

बापूंनी जुन्या ट्यूबची पट्टी कापली. मागच्या दोन नळ्यांवर ती गुंडाळून मी धरून ठेवली. बापूंनी स्टँडच्या पट्ट्या तिच्यावर बसवल्या आणि पाना चारुदत्तच्या हाती दिला.

“घट्ट करा.”

त्याने एका हाताने बोल्ट फिरवून पाहिला. जमेना.

“दोन्ही हात लागतील,” बापू म्हणाले. “सायकल मी धरतो.”

मग चारुदत्तने सीट सोडली. गुडघे टेकून, जिभेचे टोक दातांत धरून, दाढ भरावी तितक्या काळजीने त्याने दोन्ही बोल्ट कसले. स्टँडचा पाय खाली ओढला. सायकल किंचित डावीकडे कलली आणि थांबली. बापूंनी हात काढून घेतला. वाऱ्याची झुळूक आली, तरी ती हलली नाही.

“पण आई नको म्हणालीय,” चारुदत्त म्हणाला. “त्याचं काय?”

“विचारा.”

चारुदत्तचे हात ग्रीसने माखले होते. म्हणून फोन मी लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. कौसल्याबाईंना मी आरंभीच सांगितले की, चारुदत्त आणि बापू जवळच बसले आहेत. चोरून ऐकवणे मला मान्य नाही.

“बसलाय?” कौसल्याबाई म्हणाल्या. “चारू बसलाय?”

मला दुरुस्ती करावी लागली. “उभा आहे,” मी म्हणाले.

“मग बरोबर. बाई, त्याला सांगा, माझा राग नाही. गोळ्या पोचल्या, पट्टेही पोचले. पण तो उद्या यायचं म्हणतोय का? नको म्हणावं. तो गल्लीत उभा, मी दारात उभी; गुडघे भरून येतात. बोलायला काही सुचत नाही. त्याचं लक्ष सायकलवर, माझं त्याच्यावर. समोरची विचारते, तुमचे डॉक्टर आत का हो येत नाहीत? काय सांगू मी तिला?”

चारुदत्त फोनजवळ वाकला.

“आई,” चारुदत्त म्हणाला. “भिंतींना कोणता रंग दिलाय?”

“आता विचारतोस होय? पिस्त्याचा. फार गोड दिसतो. तुला आवडेल की नाही म्हणून मी किती दिवस…” त्या थांबल्या.

“मी उद्या आत येतो.”

“आणि सायकल?”

“बाहेर लावीन. कट्ट्याशी.”

“बाहेर? अरे, पोरं पाडतील! एवढी नाजूक तुझी सायकल.”

“स्टँड लावलाय, आई.”

“तुझ्या सायकलला? स्टँड?” कौसल्याबाई इतक्या मोकळेपणाने हसल्या की, बापूंनीही मिशीवर हात फिरवला. “कुणी लावला रे?”

“मीच लावला.”

“मग ये. पण माझी एक अट आहे. थालीपीठ लावीन ते तव्यावरचं खायचं. डब्यात बांधून दे, असं म्हणायचं नाही.”

“बरं.”

“पाटावर बसून.”

“बरं, आई.”

येथे जे ठरले ते असे. चारुदत्तने रविवारी रहिमतपूरला जावे, सायकल बाहेर उभी करावी आणि स्वतः घरात जावे. औंधचा फाटा त्या दिवसापुरता तेथेच राहू द्यावा. कौसल्याबाईंनी थालीपिठाच्या अटीवर संमती दिली. चारुदत्तने अट मान्य केली. स्टँड काढायचा नाही, हे बापूंनी सांगितले आणि त्यालाही त्याने होकार दिला. मी साक्षीला होते, व माझीही संमती होती. हलक्या चाकांचा विषय त्या दिवशी पुन्हा कोणी काढला नाही.

चारुदत्तने हात धुतले. मी त्याचा कप पुन्हा भरला आणि पायरीवर ठेवला. बापूंनी एका चाकाची तार वाजवून पाहिली आणि मान खाली घालून कामाला लागले.

थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. चारुदत्त अजून सायकलच्या बाजूलाच होता. धरायला काही नव्हते, म्हणून दोन्ही हात नुसते लोंबत होते. चहा निवत होता.

“ती उभी आहे, डॉक्टर,” बापू म्हणाले. “तुम्ही बसा.”