पारावरचा आठवा दगड

आमच्या खडकसरी गावात एसटी जिथे वळून थांबते, तिथे पिंपरणीचा मोठा पार आहे. पारावर अर्धगोलात सात दगड मांडलेले आहेत. ते घडवलेले, चौकोनी आणि बसून बसून गुळगुळीत झालेले आहेत. त्यांच्या मधोमध आठवा दगड आहे. तो ओबडधोबड आहे आणि त्याची एक बाजू काजळीने काळी आहे. बाहेरगावचा माणूस आला की हमखास विचारतो, "हा चुलीतला दगड इथं कुणी आणून टाकला?"

मग आम्ही त्याला शिदूतात्यांकडे नेतो. तात्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. पाहुण्याला ते आधी सात दगडांपैकी एकावर बसवतात, पाणी देतात आणि मग सांगायला लागतात. मी हे त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की कुठे थांबून ते पान जुळवतात तेही मला पाठ आहे. ते सांगतात तसंच लिहितो.

फार पूर्वी, म्हणजे तात्यांच्या पणज्याच्याही आधी, गावाचा कारभार सात घरांकडे होता. सात घरांचे सात दगड. पारावर ज्याचा दगड, त्यानेच बोलायचं, असा रिवाज होता. बाकीच्यांनी खाली उभं राहून ऐकायचं. बायांनी तर पाराच्या मागून डोक्यावर पदर घेऊन निघून जायचं.

त्या वर्षांत गावात पाणी नव्हतं. ओढा पौषातच आटायचा. सात जणांनी ठरवून पहिली विहीर खणली ती त्यांच्यातले प्रमुख खेमाजी पाटील यांच्या मळ्याच्या कडेला. खडक लागला. दुसऱ्या विहिरीच्या वेळी जागेवरून सात जणांत वाद झाला. प्रत्येकाला ती आपल्या दाराशी हवी होती. शेवटी कुणी रुसू नये म्हणून दोरीने मोजून, सातही दारांपासून सारखं अंतर पडेल अशी जागा काढली. सगळ्या गावाने दोन महिने घाम गाळला. तिथेही खडकच लागला. इथे तात्या हसतात आणि म्हणतात, "दारं मोजली, पाणी कुणी मोजलंच न्हाई."

मग पाटलांनी सांगितलं, की आता तिसरी आणि शेवटची विहीर. ती कोरडी निघाली तर गाव उठवायचं आणि खाली नदीकाठी, दुसऱ्यांच्या रानात झोपड्या घालून राहायचं.

त्या गावात भिवरा नावाची एक सून होती. घर शेवटच्या आळीला. नवरा येसू, भला पण भिडस्त. सासू सखूबाई, पायाने अधू. सखूबाईने सांगून ठेवलं होतं, "तुमी जावा. मी ह्या उंबऱ्यातनं हलायची न्हाई." ती बोलली तसं करणारी बाई होती. म्हणजे गाव उठलं असतं, तर भिवराला सासूला एकटीला मागे टाकून जावं लागलं असतं, नाहीतर तिच्याबरोबर तहानेने मरावं लागलं असतं.

आणि पाणी कुठे आहे, हे भिवराला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं. तिच्या घराच्या आढ्याला कुंभारीण माशी चिखलाचं घर बांधत होती, तेही ऐन वैशाखात. गावात घोटभर पाणी नसताना ही माशी ओला चिखल आणते कुठून? भिवरा तीन दिवस तिच्या मागे फिरली म्हणे. माशी उतरायची ती म्हसोबाच्या माळाखाली, करवंदीच्या जाळीत. तिथली माती हाताला गार लागत होती.

भिवराने ते येसूला सांगितलं. येसू म्हणाला, "खरं असंल गं. पर आपला दगूड कुठं हाय पारावर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात जण तिसऱ्या विहिरीची जागा ठरवायला बसले. भिवराने भाकरी केल्या नाहीत. चूल निवलेली होती. तिने चुलीच्या तीन दगडांतला एक उपसला, डोक्यावर घेतला आणि तशीच भर गावातून पारावर गेली. सात दगडांच्या मधोमध आपला काळा दगड ठेवला आणि त्यावर बसली.

पाटील म्हणाले, "ह्यो काय परकार?"

"बोलायला दगूड लागतो म्हनं. आनलाय."

दगडांवर बसलेले हसले. सात जणांतला एक म्हणाला, "बाई, ह्यो चुलीतला हाय. काळाबेंद्रा."

"तुमची भाकर काय पांढऱ्या दगडावर भाजत्यात का?"

तेव्हा मात्र पाराखाली उभी असलेली माणसं हसली. पाटलांना ते आवडलं नाही. त्यांनी सभा मोडली. भिवराने उठताना शपथ घेतली, की गाव मला विचारत नाही तोवर हा दगड इथून हलणार नाही आणि माझ्या घरात चूल पेटणार नाही.

घरी आल्यावर येसू कपाळाला हात लावून बसला. "लोक हसत्यात, भिवरे."

"हसू द्यात. त्यांच्या घरच्या बाया बी बघत्यात. भूक लागली की थांबतील."

सासू त्या दिवशी खूप बोलली. सुनेचं माहेर काढलं, सुनेच्या आईलाही सोडलं नाही. रात्री तिघांनी भिजवलेले हरभरे खाल्ले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सखूबाई बसल्या बसल्या सरकत चुलीपाशी गेली आणि येसूला म्हणाली, "उचल ह्यो दुसरा दगूड आनि मला बी उचल. दोन दगडांवर तवा ऱ्हातोय व्हय? घरात ठेवून काय पुजू?" येसूने आईला पाठीवर घेतलं आणि दगड काखेत. असा तो भिडस्त माणूस सगळ्या गावासमोरून पारावर गेला.

ते पाहून शेजारची एक बाई आपला दगड घेऊन आली. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत पारावर पाय ठेवायला जागा उरली नाही. गावकुसाबाहेरच्या घरांचे दगड सगळ्यात शेवटी आले. ते कुठे ठेवायचे यावरून कुजबुज सुरू झाली. सखूबाईने ते दगड मागून घेतले आणि आपल्या दगडाला चिकटून ठेवले. पाहुणे इथे तात्यांकडे जरा शंकेने पाहतात. तात्या म्हणतात, "खरंच तसं झालं का, मला म्हाईत न्हाई. पर आमी तसंच सांगतो. सांगितलं की पुढं तसं वागावं लागतं."

तिसऱ्या दिवशी खडकसरीत एकाही घरावर धूर दिसला नाही, असं सांगतात. फक्त पाटलांच्या घरावर होता. दुपारी तोही थांबला. पाटील जेवायला घरी गेले तर पाटलीणबाई घरात नव्हत्या आणि चुलीचा एक दगड जागेवर नव्हता. पाटील माघारी पारावर आले. पाटलीणबाई बायांच्या घोळक्यात आपल्या दगडावर बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाटील आपल्या दगडावर बसले. मग म्हणाले, "बोल बाई. काय म्हननं हाय तुजं?"

भिवराने माशीची गोष्ट सांगितली. सात जणांतले दोघे हसायला लागले, तेव्हा पाटील म्हणाले, "हसायच्या आधी त्या जाळीत हात घालून या." ते गेले आणि ओल्या मातीने भरलेले हात घेऊन परत आले. तरी भिवरा म्हणाली, "मला वाटतं त्ये म्या सांगितलं. खनायचं का न्हाई, त्ये समद्यांनी ठरवा." मग एकेका दगडाला विचारलं गेलं. करवंदीच्या जाळीत खणायचं ठरलं.

दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं खोल गेल्यावर तिथेही खडक लागला. लगेच कुणीतरी म्हणालं, "बाईच्या नादी लागलो." तेव्हा खेमाजी पाटलांनी स्वतः पहार हातात घेतली आणि म्हणाले, "ठरवलं समद्यांनी. आता एकटीला बोलायचं न्हाई." त्यांनी खडकावर पहार मारायला सुरुवात केली. मागोमाग सगळे उतरले. चौथ्या दिवशी खडकाला चीर गेली आणि पाणी असं उसळलं, की आत उतरलेल्यांना दोर धरून वर यावं लागलं, असं सांगतात. सखूबाई पुढे नऊ वर्षं जगली आणि आपल्याच उंबऱ्यात गेली.

खणायचं ठरलं त्याच संध्याकाळी सगळ्यांनी आपापले दगड घरी नेले होते. भिवराने मात्र नेला नाही. तिने चुलीला नवा दगड लावला आणि म्हणाली, "ह्यो ऱ्हाऊ द्या. अजून कुनाला तरी बोलायचं असंल."

ती विहीर म्हसोबाच्या माळाखाली आहे. तिला भिवरेची विहीर म्हणतात आणि उन्हाळ्यात अजून तिच्यावरच गावाची मोटार चालते.

आजही ग्रामसभेच्या दिवशी प्रत्येक घरातून एक चुलीचा दगड पारावर येतो. कुणी डोक्यावर आणतं, कुणी पाटीत, कुणी मोटारसायकलच्या टाकीवर. आता बहुतेकांकडे गॅस आहे. त्यांनी काय करावं, हाही ठराव सभेतच झाला. त्यांनी जुना दगड आणायचा आणि सभा संपेपर्यंत शेगडी पेटवायची नाही. त्यामुळे आमची सभा कधी लांबत नाही. भूक लागली की भाषण करणाऱ्याला लोक आपोआप आवरतं घ्यायला लावतात. रस्ता, दिवाबत्ती, शाळेचं छप्पर, सगळं तिथेच विचारलं जातं आणि ग्रामसेवक लिहून घेतात.

शेवटी सरपंच उभे राहून विचारतात, "कुणाचा दगड राहिला का?" आणि मग खरोखरच गप्प राहतात. अशा वेळी कधी कधी मागून एखादा माणूस उठतो, जो आजवर सभेत कधी बोललेला नसतो. त्याने आठव्या दगडावर बसून बोलायचं असतं. मध्ये कुणी तोंड घालत नाही.

त्या दगडाची काजळी इतक्या वर्षांत गेली नाही, हा चमत्कार आहे, असं तात्या पाहुण्यांना सांगतात. सभेच्या आदल्या दिवशी शेवटच्या आळीच्या बायका तव्याची काजळी आणून त्याला चोळतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पाहुण्यांना कुणी सांगत नाही.

त्यामुळे त्या दगडावरून उठलेल्या माणसाच्या कपड्याला मागे काळा डाग पडलेला असतो. तो डाग घेऊन घरी गेलेल्याला कुणी रागावत नाही. फक्त विचारतात, "आज काय बोललास?"

गेल्या सभेनंतर माझ्या आईनेही तेवढंच विचारलं.