उघड्या गाठींचा माळ

त्या राज्यात प्रत्येक गाठीवर लाख ओतलेली असे. झोका असो, पाळणा असो की पाणी ओढायची दोरी, बांधून झालं की बांधणारा गाठीवर गरम लाख ओतायचा, फुंकर मारायचा आणि मगच वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायचा. ती तिथली रीत होती, आणि रीतीपेक्षाही ती सभ्यता होती. कुणाच्या घरी चुकून उघडी गाठ दिसलीच, तर पाहुणे मान वळवून हवापाण्याच्या गप्पा काढत. वस्तू बिघडली की बांधणाऱ्याला बोलवायचं, आणि बांधणारा हयात नसला की वस्तूला नमस्कार करायचा. त्यामुळे राज्यात नमस्कार करायच्या वस्तू फार झाल्या होत्या.

त्यांतला सगळ्यांत मोठा नमस्कार थोरल्या भोपळ्याला असे. माळाच्या कडेला बेहड्याचं झाड होतं, तिथे धनेशरावांच्या ढोलीसमोर तो टांगलेला होता: वाळका, पोकळ, तोंडावर एक तंतू ताणून बांधलेला. धनेशरावांच्या आजोबांनी तो बांधला तेव्हा तो गात असे म्हणतात. आजोबा गेले, त्यांच्याबरोबर गाठीची युक्तीही गेली. धनेशराव स्वतः राज्याचे लाखकारभारी. त्यांच्या भल्यामोठ्या चोचीचा शेवटचा हात फिरल्याशिवाय कोणतीही वस्तू पुरी झाली असं कुणी मानत नसे. रोज सकाळी ते भोपळ्याच्या गाठीवर लाखेचा नवा थर देत, मग चोचीनं त्याला हलकेच टकटक करून कान लावून उभे राहत. कुणी पाहिलंच तर म्हणत, "लाख वाळली का बघतोय."

अशा राज्यात झुबकी खार परत आली. ती लहानपणीच खाऱ्या पाण्यापलीकडच्या रानात शिकायला गेली होती. आल्या आल्या तिनं बाजारातल्या दगडावर चढून भाषण केलं. तिकडे कुणीही कुणाची गाठ उघडून पाहतं, सोडतं, बदलून पुन्हा बांधतं आणि तिसऱ्याला शिकवतं, असं ती म्हणाली. बोलता बोलता तिची शेपटी फुलून तिच्याच तोंडावर येत होती.

"तिकडे थंडी फार असेल नाही?" साळुंकीकाकूंनी कौतुकानं विचारलं.

"वाळलीस गं पोरी," आणखी कुणी म्हणालं. भाषण तिथेच संपलं.

झुबकीनं धनेशरावांकडे माळ मागितला. "खेळायला," ती म्हणाली.

"माळावर लाखेचं कोठार व्हायचंय," धनेशराव म्हणाले. "बाजाराच्या दिवशी लाखवाल्यांच्या गाड्या येतील. त्या दिवशी माळावर कुणी खेळताना दिसलं, तर कोठार दुसरीकडे नेऊ. नाही दिसलं तर तू आपली तिकडेच बरी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच झुबकीला ते जास्त लागलं. तिकडची ढोली ती सोडून आली होती. इथली अजून मिळायची होती.

तिनं माळभर बांबू रोवले आणि त्यांवर भोपळे टांगले. प्रत्येकावर एकेक तंतू, प्रत्येक तंतूला सरकगाठ. टोक ओढलं की तंतू ताणतो, आवाज चढतो. सोडलं की उतरतो. दोन भोपळे एकाच ताणावर लावले, की या टोकाचा छेडल्यावर माळाच्या त्या टोकाचा आपोआप घुमे. मध्ये ना दोरी, ना वेल, नुसती हवा.

पहिल्या दिवशी तात्या मुंगसानं मधली जमीन उकरून काढली.

"दोरी सापडली का तात्या?" झुबकीनं विचारलं.

"सापडेल. तू फार खोल पुरलीयस."

"पुरलीच नाहीये!"

"हेच म्हणतो मी. इतकी खोल, की तुलाही आठवत नाही."

संध्याकाळपर्यंत माळावर गर्दी झाली. एक ससा भोपळा छेडून दुसरीकडे धावत सुटे. आपण पोचायच्या आधी आवाज पोचलेला बघून तिथेच लोळे. दोन पारव्यांनी माळाच्या दोन टोकांना बसून भांडण केलं आणि भोपळ्यांतूनच ते मिटवलं. पण जवळ आलेला प्रत्येक जण गाठ दिसताच मान वळवत होता. घरी जाताना सगळे एकच बोलत होते: पोरगी हुशार आहे, पण बिचारीकडे लाखेला पैसे नाहीत.

झुबकी आणखी भोपळे आणायला नदीकाठी गेली, त्या दुपारी राज्यानं तिच्यावर उपकार केला. ज्यानं त्यानं घरची लाख आणली. माळावरच्या एकूण एक गाठी झाकल्या गेल्या. साळुंकीकाकूंनी तर आपली लाख दोनदा ओतली.

झुबकी दुसऱ्या दिवशी परतली तेव्हा माळ लालचुटूक चमकत होता. उन्हानं तंतू सैल पडले होते. एरवी सकाळी टोक जरासं ओढलं की काम भागे. आता गाठी जखडल्या होत्या. सगळे भोपळे गप्प. आणि बाजार उद्यावर.

"कुणी केलं हे?" ती ओरडली.

"मी!" साळुंकीकाकू म्हणाल्या.

"मीपण!" तात्या म्हणाला. मागून आणखी दहाजण अभिमानानं पुढे आले. आभारांची वाट पाहत सगळे उभे राहिले.

झुबकीला रडू येत होतं, पण त्या ओळीनं उभ्या असलेल्या आनंदी चेहऱ्यांकडे बघून रडताही येईना. मग तिच्या कानांची टोकं उभी राहिली.

"काकू, झाकताना तुम्ही गाठ पाहिली असेल ना?"

"अगं, पाहिल्याशिवाय झाकणार कशी? अंदाजानं लाख ओतली तर सगळी मांडीवर यायची."

"मग कशी होती गाठ?"

भर बाजारात चोरी पकडली जावी तसे सगळे जमिनीकडे बघू लागले.

"मला काही माहीत नाही," तात्या घाईनं म्हणाला. "एक वेढा, मग टोक खालून वर, मग त्याच वेढ्यातून बाहेर. बाकी मी काही पाहिलं नाही."

"दोन वेढे," काकू पुटपुटल्या.

"एकच."

"तात्या, माझे डोळे आहेत अजून शाबूत. दोन!"

झुबकीनं नदीवरून आणलेले कोरे भोपळे त्यांच्यापुढे ओतले. "बांधून दाखवा," ती म्हणाली. "आणि माझ्यासारखंच बांधायला हवं असंही नाही."

काकूंनी दोन वेढ्यांची गाठ बांधली, आणि ती झुबकीच्या गाठीपेक्षा घट्ट बसली. झुबकीनं ती सोडून पाहिली, पुन्हा बांधली आणि काकूंकडूनच शिकून घेतली. काकूंना कुठे बघावं ते कळेना. सशानं तंतूऐवजी घोड्याचा केस लावला. पारव्यांनी एकाच भोपळ्यावर दोन तंतू ताणले, म्हणजे भांडायला लांब जायला नको. तात्याची गाठ मात्र इतकी ढिली पडली, की त्याचा भोपळा गाण्याऐवजी ढेकर दिल्यासारखा आवाज करी.

"जेवण झालेलं दिसतंय," पारवे म्हणाले.

"असू दे," तात्या म्हणाला. "माझा आहे." आणि तो त्यानं सगळ्यांत उंच बांबूवर टांगला.

बाजाराच्या दिवशी लाखवाल्यांच्या गाड्या माळाच्या कडेला येऊन थांबल्या. धनेशराव बेहड्याखाली उभे राहिले. माळावर सगळं राज्य जमलं होतं, पण कारभाऱ्यांसमोर उघड्या गाठीला हात लावायचा धीर कुणाला होईना. झुबकी एकेकाकडे बघत होती. एकेक जण मान वळवत होता.

शेवटी तात्या खाकरला. "माझा आवाज नाहीतरी वाईटच आहे," तो म्हणाला, आणि त्यानं आपला भोपळा छेडला.

तो जाडा, ढिला आवाज माळभर पसरला. झुबकीच्या भोपळ्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. काकूंच्या भोपळ्यानंही नाही. हसू फुटणार, इतक्यात बेहड्याच्या झाडावरून तसाच जाडा, ढिला आवाज आला.

धनेशराव गर्रकन वळले. इतक्या वर्षांत सैलावलेला थोरल्या भोपळ्याचा तंतू थरथरत होता.

"पुन्हा," धनेशराव म्हणाले.

तात्यानं पुन्हा छेडला. लाखेला तडा गेला. तात्या थांबेना. थरामागून थर सुटला, सगळ्यांत वरचा त्या सकाळचा आणि सगळ्यांत आतला आजोबांचा, आणि गवतात तुकड्यांचा ढीग झाला. खाली गाठ होती. माळावरच्या कुणीही मान वळवली नाही.

"दोन वेढे," साळुंकीकाकू हळूच म्हणाल्या. "बघ, तात्या."

धनेशरावांनी गाठीजवळ मान नेली. मग त्यांनी झुबकीला विचारलं, "हे ओढायचं कुठून गं?"

तिनं टोक दाखवलं. त्यांनी ते चोचीत धरलं आणि अगदी जरासं ओढलं. तात्याचा भोपळा गप्प झाला आणि पारव्यांचा घुमू लागला. आणखी ओढलं, तेव्हा पारव्यांचा थांबला आणि काकूंचा बोलला. मग सशाचा. गाडीवाले बैल सोडून माळात शिरले होते. धनेशरावांनी डोळे मिटले, टोक आणखी थोडं ओढलं, आणि पुढे कुणाचा भोपळा बोलतोय ते ऐकायला मान तिरकी केली.