एका हाताची अंगाई

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. वारा पडलेला, केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. आमची तान्ही नात उकाड्यानं किरकिरत होती, म्हणून तिला खांद्यावर टाकून मी शेजारी आग्नेल मास्तरांच्या ओटीवर आलो.

आत त्यांचा शिष्य ग्लेन पियानोपाशी बसला होता. परदेशात शिकून आलेला, ताठ.

“मग, मास्तर? हिच्यावर तुमचं नाव घालू ना?”

ही म्हणजे त्यानं रचलेली अंगाई. नव्या तऱ्हेची. आत्ताच वाजवून दाखवली होती. ती छापून निघणार होती, आणि वर ‘माझ्या गुरूंना’ असं लिहून खाली मास्तरांचं नाव त्याला घालायचं होतं. त्यासाठीच तो एवढ्या लांबून आला होता.

ग्लेन सांगायला लागला, तिकडच्या मोठ्या सभागृहात वाजवली तेव्हा लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेचनात.

“अंगाईला टाळ्या?” मास्तर म्हणाले. “मग पोर उठलं असेल.”

ग्लेनचं तोंड उतरलं. हे नुसतं ऐकायचं संगीत आहे, म्हणाला, यात पोर लागत नाही.

मास्तर उठले. ओटीवर येऊन माझ्या खांद्यावरून नातीला घेतलं आणि आत नेऊन त्याच्या डाव्या हातावर ठेवलं.

“वाजव आता.”

“दोन हातांची आहे, मास्तर.”

“तुला निजवताना तुझ्या आईचे किती हात मोकळे होते?”

ग्लेननं उजव्या हातानं सुरू केलं. चुकला. थांबला. पुन्हा धरलं. नात कुरकुरली की हलकं वाजवी, ती श्वास घेई तेवढं थांबे. मघाचं निम्मंही त्यात उरलं नव्हतं. पण हळूहळू तिची मूठ सैल झाली.

शेवटी दोन्ही हातांनी दणक्यात उतरायचं होतं. मघाशी ते आमच्या घरापर्यंत ऐकू आलं होतं. तिथवर तो आला. तिच्याकडे पाहिलं... आणि बोटं पट्ट्यांच्या वर तशीच धरून ठेवली.

नावाचं त्यानं पुन्हा विचारलं नाही. ती निजली होती तो हात अवघडला तरी हलला नाही.

मास्तर बाहेर येऊन माझ्या शेजारी टेकले. इतक्या वर्षांत त्यांची मान एवढी ताठ मी पाहिली नव्हती. हळूच म्हणाले,

“शेवट ऐकलास ना, जुजे? त्याच्यावर घालू दे माझं नाव.”