गल्लीतला उकाडा

तापीकाठच्या एका शहरात पितांबरशेठ नावाचे कापडाचे व्यापारी राहत होते. एका अरुंद गल्लीत त्यांचं साड्यांचं मोठं दुकान होतं. त्या शहराचा उन्हाळा मुळातच कडक, पण अलीकडे तो दरसाल वाढतच चालला होता. होळी झाली न झाली तोच रस्त्यावरचं डांबर मऊ पडायचं आणि दिवस मावळला तरी भिंतींची धग जात नसे.

एका वर्षी शेठनी दुकानाला काचेचं दार बसवलं, मागच्या खिडक्या विटा लावून बुजवल्या आणि तीन एसी घेतले. आत पाऊल टाकताच गिऱ्हाईक सुखावायचं आणि ते पाहून शेठही सुखावायचे. एसीची बाहेरची यंत्रं मात्र गल्लीकडे तोंड करून बसवली होती.

समोरच्या ओट्यावर द्रौपदाबाई गजरे विकत. वीस वर्षं त्यांची तीच जागा. यंत्रांचा गरम झोत आता थेट त्यांच्या अंगावर येऊ लागला. दहा वाजले नाहीत तोच मोगरा माना टाकायचा. टोपलीवर घातलेलं ओलं फडकं बघता बघता कडक वाळायचं. एक दिवस भीत भीत त्यांनी शेठना विचारलं, यंत्रांची तोंडं जरा दुसरीकडे वळवता येतील का.

शेठ रागावले नाहीत. म्हणाले, “बाई, मी फक्त माझं दुकान गार करतो. बाहेरचं ऊन सूर्याचं आहे, त्याला मी काय करणार?”

शेठचं बघून शेजारच्यांनीही एसी लावले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गल्लीत चाळीस यंत्रं घरघरू लागली. गल्ली जितकी तापे, तितका जो तो आपला एसी वाढवी. वैशाखात एका दुपारी द्रौपदाबाई गजरा ओवता ओवताच कोसळल्या. त्यांना ऊन लागलं होतं. शेठनी लगबगीनं रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात पोचवलं. बाईंचं आता वय झालं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आठ दिवसांनी बाई परत त्याच ओट्यावर येऊन बसल्या. न बसून चालणार नव्हतं.

मग एके सकाळी भार सहन न होऊन गल्लीची डीपी जळाली. वीज गेली ती दिवसभर आलीच नाही. खिडक्या बुजवलेलं दुकान भट्टीसारखं झालं. तासाभरातच शेठ घामाघूम होऊन बाहेर आले आणि पायरीवर बसले. बाहेर भाजून निघू, असं त्यांना वाटलं होतं. ऊन होतंच, पण श्वास घेता येत होता. हमाल भिंतीला टेकून गप्पा मारत होते. दुपारचे तीन वाजले तरी टोपलीतला मोगरा ताठ होता.

द्रौपदाबाई म्हणाल्या, “आज जरा हवा बरी आहे, शेठ.”

शेठनी वर पाहिलं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. सूर्य कालचाच होता. बंद होती ती फक्त चाळीस यंत्रं.

दुसऱ्या दिवशी वीज आली. शेठनी आपल्याच यंत्रासमोर हात धरला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग ते गल्ली ओलांडून ओट्यापाशी गेले. म्हणाले, “बाई, तुम्ही आजारी पडलात त्यात माझाही हात होता. मला माफ करा.”

बाईंनी हातातला गजरा टोपलीत ठेवला. मग म्हणाल्या, “सूर्य कुणाचं ऐकत नाही, शेठ. माणूस ऐकतो. म्हणून तर तुम्हाला सांगितलं होतं.”

त्याच आठवड्यात शेठनी दोन एसी काढून टाकले आणि तिसऱ्याचं यंत्र गच्चीवर नेलं. बुजवलेल्या खिडक्या फोडून मोकळ्या केल्या. गच्चीला पांढराशुभ्र चुना दिला. आणि दुकानातले पांढऱ्या कापडाचे तागे उलगडून, समोरच्या घरमालकाला विचारून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गल्लीवर सावली ताणली.

शेजारचे व्यापारी हसले. गिऱ्हाईक त्यांच्या थंडगार दुकानांत जाऊ लागलं. पंधरा दिवस पितांबरशेठचं दुकान ओस पडलं. काढलेले एसी पुन्हा लावावेत, असंही एकदोनदा मनात येऊन गेलं. पण समोर बाई सावलीत बसून निवांत भाकरी खाताना दिसायच्या, आणि शेठचा हात थांबायचा.

हळूहळू बायाबापड्यांना त्या सावलीचा पत्ता लागला. उन्हातून आल्या की त्या कापडाखाली घटकाभर टेकत, पाणी पीत आणि मग दुकानात शिरत. ते पाहून शेजारच्या व्यापाऱ्यानं आपल्या भिंतीपर्यंतही कापड ओढायची विनंती केली. शेठनी तागा द्यायचं लगेच कबूल केलं, पण आधी यंत्र गच्चीवर न्यायला लावलं. मग तिसरा आला, चौथा आला. पावसाळ्यात सगळ्यांनी मिळून गल्लीच्या दोन्ही तोंडांशी कडुनिंब लावले.

पुढच्या वैशाखात सूर्य पहिल्यासारखाच आग ओकत होता. पण त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एकाही माणसाला ऊन लागून दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या अंगावर झळ लोटून आपला गारवा मिळवू नये, सावली सगळ्यांवर धरली, तरच ती आपल्यालाही पुरते.